कॉम्प्युटरनं मला व्यायाम दिला होता

आधीच सांगून टाकते, मी शांतपणे लिहिणारी बाई नाही. ऑफिसात माझ्या फायलीवरच्या शेऱ्यांनासुद्धा धार असते म्हणतात. खांद्याच्या दुखण्याबद्दल लिही, कुणाला तरी उपयोग होईल, असं दोघी-तिघींनी सांगितलं. उपयोग होईल की नाही ते वाचणाऱ्यानं ठरवावं. मला या सगळ्या प्रकारात एकामागून एक असे धक्के बसले की मी अजून पुरती सावरलेली नाही, आणि मनात ठेवून बसायचा माझा स्वभाव नाही, म्हणून लिहितेय.

आम्ही दिल्लीत आर. के. पुरमला सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. मी एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. माझा नवरा मिलिंद दुसऱ्या एका खात्यात अकाउंट्सला, मुलगी प्रज्ञा कॉलेजात. आणि माझी आई. ती मूळची वर्ध्याची, पण अर्धांगवायूचा झटका आल्यापासून आमच्याकडे आहे. डावी बाजू गेली, जीभ मात्र शाबूत, आणि डोकं आम्हा तिघांपेक्षा तल्लख. तिला पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून बाथरूमात आणि परत पलंगावर न्यायचं काम माझं. ऑफिस चालत जाण्याएवढं जवळ, म्हणून दुपारीही घरी येऊन मीच उचलायचे. मदतीला एक बाई यायची, पण आई तिच्याकडून पाण्याच्या ग्लासापलीकडे काही करून घ्यायची नाही. आणि जावयानं उचलायचं? छे! आमच्याकडे सासू जावयापुढे पाय पसरूनसुद्धा बसत नाही.

राहिला माझा धाकटा भाऊ सुनील, वर्ध्याला. तिथे तो आणि वहिनी दोघंही सकाळी शाळेवर शिकवायला जातात ते संध्याकाळी येतात. आई तिथे राहिली म्हणजे दिवसभर कुलूपबंद घरात छताकडे बघत पडून राहणार. वर्ध्याचं नाव काढलं की तिचे डोळे भरायचे. तेव्हा हिशोब सरळ होता. माझा हात चालतोय तोवर आई माझ्याकडे.

दांडी

सरोजिनी नगरच्या मार्केटमध्ये आईसाठी पुढून उघडणारे गाऊन घ्यायला गेले होते. अर्धांगाच्या माणसाला डोक्यावरून कपडा घालणं काय असतं, ते ज्यानं घातलंय त्यालाच ठाऊक. गाऊन मनासारखे मिळाले आणि मी खुशीत ई-रिक्षात बसले. घराजवळच्या वळणावर त्या शहाण्या रिक्षावाल्यानं स्पीडब्रेकर पाहिलाच नाही. रिक्षा कलंडली. बाकीच्या बायका माझ्या अंगावर, आणि मी उजव्या हातानं वरच्या दांडीला लटकलेली. खांद्यात जुनं कापड टरकन फाटावं तसं झालं. आवाज आला की नुसतं जाणवलं, आजही सांगता येत नाही.

घरी येऊन मी काय केलं असेल? आईला उचललं. तिची बाथरूमची वेळ झाली होती. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण उचललं.

मग चालू झाले आपले घरचे उपाय. हळदीचा लेप, गरम पाण्याची पिशवी, शेजारच्या मिसेस रावतनी दिलेलं कसलंसं पहाडी तेल. मुका मार असेल, जाईल हळूहळू. पण एक दिवस केस बांधायला हात वर केला आणि तो कानापर्यंतसुद्धा जाईना. मी आरशासमोर उभी आणि हात माझा नाहीच असा खाली लोंबतोय. प्रज्ञा केस बांधून द्यायला आली. तिला म्हटलं, "काखेत हात घालून जरा दंड धर माझा." तर ही दिल्लीत वाढलेली कन्या म्हणते, "ममा, काख म्हणजे एक्झॅक्टली कुठे?" एरवी हसले असते. त्या दिवशी रडायला आलं.

फोटो

मोठ्या सरकारी हॉस्पिटलात एमआरआय झाला. हाडांचे डॉक्टर स्क्रीनवर बोट फिरवत म्हणाले की हात वर उचलणाऱ्या स्नायूचं टोक हाडापासून फाटलंय. मला त्या काळ्या-पांढऱ्या चित्रात काही दिसलं नाही. मी एकच विचारलं.

"डॉक्टरसाहब, उठा तो पाऊंगी ना?"

"क्या उठाना है?"

"माँ को."

त्यांनी स्क्रीनवरून नजर काढून पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, आधी खोली नंबर अमुकमध्ये जा, तिथे डॉक्टर मेहक भेटतील, त्या खांद्यांवर एक संशोधन करतायत. मी बाहेर आले आणि बाकावर बसले.

डॉ. मेहक म्हणजे प्रज्ञापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी असेल अशी बारीकशी मुलगी. बोलणं हिंदीतच झालं, मी मराठीत सांगते. ती म्हणाली, माझ्यासारख्या खांद्यांना दोन उपचार आहेत. दुर्बिणीतून ऑपरेशन करून टोक परत हाडाला शिवायचं, किंवा ऑपरेशन न करता शिस्तीत व्यायाम करून बाकीच्या स्नायूंना ते काम शिकवायचं. अभ्यासात सामील झालात तर कोणता मिळेल ते कॉम्प्युटर ठरवणार.

"आणि यातला चांगला कोणता?" मी विचारलं.

"आम्हाला माहीत नाही, मॅडम. म्हणून तर अभ्यास चाललाय."

मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. माहीत नाही? एवढी मोठी इमारत, एवढे पांढरे कोट, बाहेर बिहारपासून काश्मीरपर्यंतची माणसं जमिनीवर पथाऱ्या पसरून बसलेली, आणि यांना माहीत नाही! माझ्या नोकरीत मला कुठल्याही साहेबानं आजवर 'मला माहीत नाही' असं तोंडावर सांगितलेलं नाही. माहीत नसलं तरी ते फाइल फिरवतात. मला आधी भीती वाटली, मग राग आला, आणि मग का कोण जाणे, त्या मुलीवर विश्वास बसला. मी सही केली.

ती वारंवार बजावत होती, कधीही बाहेर पडू शकता, कारण द्यायची गरज नाही, तुमच्या उपचारावर परिणाम होणार नाही. मी हो हो म्हटलं. आणखी एक गोष्ट तिनं बजावली. गट कोणताही मिळो, वजन उचलायचं नाही.

अलॉटमेंट

कॉम्प्युटरनं मला व्यायाम दिला.

आता आर. के. पुरममधल्या माणसाला हे काय वाटतं, ते बाहेरच्याला कळायचं नाही. आमचं अख्खं आयुष्य कॉम्प्युटरच्या अलॉटमेंटवर चालतं. क्वार्टर कॉम्प्युटर देतो. कुणाला तळमजला मिळतो, कुणाला गळक्या छताखालचा वरचा मजला. आणि यादी लागली रे लागली की माणसं ती बदलून घ्यायच्या मागे लागतात. कुणी मेडिकल ग्राउंड काढतं, कुणी वरून फोन करवतं. त्यामुळे माझ्या खांद्याची बातमी गल्लीत पसरली तेव्हा लोकांना खांद्याचं काही नाही, अलॉटमेंटचंच पडलं.

"अरे यार, ऑपरेशनवाला नहीं मिला?" मिसेस रावत हळहळल्या, जणू मला लिफ्टविना चौथा मजला मिळाला. "चेंज करवा लो. सोर्स नहीं है क्या?"

मीही आधी धुमसत होते. फुकटचा व्यायाम काय, तो तर मी मोबाइलवर बघूनही केला असता! पण फिजिओथेरपीच्या खोलीत जायला लागले आणि हळूहळू मजा वाटू लागली. भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची, रबराचा पट्टा ओढायचा, दोन्ही खांदे मागे घेऊन छाती उघडायची. मध्ये मध्ये एक तरुण येऊन हात किती वर जातो ते मोजायचा. त्याला आपण कोणत्या गटातले हे कळता कामा नये, म्हणून सगळ्यांनी खांदा झाकणारा टी-शर्ट घालून जायचं आणि तोंड बंद ठेवायचं. मला तोंड बंद ठेवायला सांगणं म्हणजे! पण ठेवलं.

आणि हात वर येऊ लागला. आधी कानाशी, मग एक दिवस कपाळापर्यंत. माझे केस मी बांधले, वाकडेतिकडे, पण मी बांधले.

याबरोबर मी आणखीही एक करत होते, ते लपवण्यात अर्थ नाही. आईला उचलत होते. दुसरं कोण होतं? घरात रोज भांडण. प्रज्ञा ओरडायची, "ममा, डॉक्टरने मना केलंय ना! तू सुनतच नाहीस!" मिलिंद म्हणायचा, सुनीलला बोलावू या, थोडे दिवस तरी. मी म्हणायचे, खबरदार. आई आतून सगळं ऐकत असायची. आमच्या क्वार्टरच्या भिंतींना कान असायची गरजच नाही, त्या पुठ्ठ्याच्याच आहेत.

हात बरा वाटला की मी तिला आणखी हौसेनं उचलायचे. "बघ आई, आज कळसुद्धा आली नाही." ती डोळे मिटून घ्यायची.

तारीख

मग एक दिवस ऑफिसात फोन आला. हॉस्पिटलातून बोलतोय, तुमच्या खांद्याच्या ऑपरेशनची तारीख लागलीये, अमुक दिवशी भरती व्हा.

मी म्हटलं, काहीतरी घोटाळा आहे, मी व्यायामवाली. पलीकडचा माणूस म्हणाला, नाव वैशाली, आर. के. पुरम, उजवा खांदा, तुम्हीच ना? मग या.

म्हणजे हात बरा होतोय हा माझा भ्रम होता! मोजणाऱ्या तरुणाच्या आकड्यांत काहीतरी वाईट निघालं असणार, आणि मला कुणी बोललं नाही. डॉ. मेहकला गाठायला गेले तर ती रजेवर. संध्याकाळी मिलिंदला सांगितलं. तो पाणी पीत होता. ग्लास खाली ठेवून म्हणाला, "डॉक्टरांना काहीतरी दिसलं असेल. करून टाक."

"पण आई?"

आईच्या खोलीतून आवाज आला. "सुनीलला बोलावून घे. मी जाते वर्ध्याला."

ऑपरेशनच्या बातमीपेक्षा मला हा धक्का मोठा होता. वर्ध्याच्या नावानं रडणारी बाई स्वतःच्या तोंडानं जाते म्हणते? मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "हात बरा झाला की आणशीलच की मला परत. जा, झोप."

सुनील आला आणि तिला घेऊन गेला. स्टेशनवर तिला डब्यात चढवताना मी हात पुढे केला, तर ती केवढ्यानं ओरडली माझ्यावर, "सुनील करेल! तू बाजूला हो!" चार लोक वळून बघायला लागले. मला वाटलं, रुसलीये. मी पाठवतेय म्हणून रुसलीये. घरी येऊन तिच्या रिकाम्या पलंगावर बसून मी पोटभर रडले.

वॉर्ड

वॉर्डात भल्या सकाळी दिवे लागतात, आणि कुणी झोपलंय की मेलंय याचा विचार न करता फरशी पुसणाऱ्या बाया बादल्या आपटतात. मग चहा, मग बीपी, मग डॉक्टरांची फेरी, जी दोन पलंगांमध्ये एक मिनिटसुद्धा थांबत नाही. माझ्या शेजारी रोहतकच्या बाजूची एक आडदांड बाई होती, संतोषदेवी. म्हशीनं दोर ओढला आणि हिचा खांदा गेला.

"म्हैस कशीये?" मी विचारलं.

"वो तो बढ़िया है," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो, दोघींच्याही कळा निघाल्या.

मग तिनं विचारलं, "तेरी तारीख इतनी जल्दी कैसे लगी? मैं तो सर्दियों से चक्कर काट रही हूँ."

"किस्मत," मी म्हटलं. खरंच मला तसंच वाटत होतं.

ऑपरेशनच्या कागदावर मी सही केली. दुसऱ्यांच्या फायलींवर दहा शंका काढणारी बाई, स्वतःच्या खांद्याच्या कागदावर एकही प्रश्न न विचारता सही करून मोकळी. भुलीच्या खोलीत थंडीनं दात वाजत होते. केरळची एक सिस्टर आली, काही न बोलता तिनं माझे सुटलेले केस गोळा करून टोपीत घातले आणि कपाळावर तळहात ठेवला. एवढंच. तिचं नाव मला माहीत नाही, पण त्या हाताची ऊब मला अजून आठवते.

जाग आली तेव्हा उजवा हात होता की नव्हता तेच कळेना. पोटाशी एक जाडजूड उशी, तिला हात बांधलेला. दीड महिना असंच राहायचं, म्हणाले.

उशी

ज्यांचं हे ऑपरेशन व्हायचंय त्यांना सांगते, दुखण्याची तयारी सगळे करतात, लाचारीची कुणी करत नाही. डाव्या हातानं जेवताना डाळ कोपरापर्यंत ओघळते. बसून झोपावं लागतं. ब्लाउज विसरा, नवऱ्याचे शर्ट घाला. अंघोळीला मुलगी लागते. पहिल्या दिवशी प्रज्ञानं मला साबण लावला तेव्हा आम्ही दोघीही दुसरीकडेच बघत होतो. मग ती म्हणाली, "चलो, आता मला काख कुठे असते ते पक्कं कळलं." हसून हसून पुरेवाट झाली. तेवढ्यासाठी ते ऑपरेशन मी माफ केलं असतं.

मिलिंदनं माझं सगळं केलं. भाकरी शिकला. पण माझ्या डोळ्याला डोळा देत नव्हता. मला वाटलं, थकलाय.

उशी निघाली तेव्हा खरा धक्का बसला. हात हलेना. आधी कपाळापर्यंत जाणारा हात आता छातीपाशी अडकला, गंजलेल्या बिजागरीसारखा. ऑपरेशननंतर खांदा आखडतो, होतं असं, वेळ लागतो, म्हणाले. किती वेळ? ते कुणी सांगेना. फिजिओथेरपीच्या त्याच खोलीत मी आता ओरडत होते. रोज वर्ध्याला फोन करायचे. आई विचारायची, "कुठवर गेला?" मी खोटं सांगायचे, "येतोय येतोय." आणि मागे तिच्या कुलूपबंद घरात टीव्ही चालू असायचा. ती टीव्ही कधी बघत नाही. आवाज असावा म्हणून सुनील लावून जातो.

आईला आणायचं, एवढ्या एका गोष्टीसाठी मी दात खाऊन तो हात वर ढकलत होते.

"तुम्ही का सोडलंत?"

एक दिवस त्या खोलीबाहेर डॉ. मेहक दिसली. मीच हाक मारली. तिनं माझा खांदा बघितला, हात हलवून पाहिला, आणि म्हणाली, "एक विचारू? रागावू नका. तुम्ही का सोडलंत?"

"काय सोडलं?"

"अभ्यास. व्यायाम. तुमचा हात छान वर येत होता. मी रजेवरून आले तर कळलं, तुम्ही ऑपरेशन मागून घेतलंत."

"मी? मी मागून घेतलं?"

आता ती गोंधळली. "तुमच्या घरून सांगणं आलं होतं ना? वरून फोन आला होता, की मॅडमना ऑपरेशनच हवंय, लवकर करून द्या. आम्हाला वाटलं तुमचीच इच्छा." मग जरा दुखावल्यासारखी म्हणाली, "फोनची काहीच गरज नव्हती, मॅडम. मला नुसतं सांगितलं असतं तरी चाललं असतं. तो तुमचा हक्कच होता."

डॉक्टरांना काही दिसलं नव्हतं. आकड्यांत काही वाईट निघालं नव्हतं. माझा चांगला होणारा हात उघडून शिवला गेला होता, कुणाच्या तरी फोनवर. आणि त्या संतोषदेवीच्या पुढे माझा नंबर लागला तो किस्मतनं नव्हे. तिला मी 'किस्मत' म्हटलं होतं! लाजेनं माझा चेहरा तापला.

घरी पोचले. मिलिंद लसूण सोलत होता. चप्पल न काढता मी विचारलं, "हॉस्पिटलात फोन तू करवलास?"

त्यानं सुरी ठेवली. "हो."

"का?"

"केला. चूक झाली."

"माझा हात आहे तो, मिलिंद! तुझ्या खात्याची बदली नाही, साहेबाला सांगून फिरवायला! पंचवीस वर्षं संसार केला आणि माझ्या अंगावर सुरी चालवायची ठरवताना मला विचारलं नाहीस? आई तिकडे भिंतींशी बोलत पडलीये तुझ्यामुळे!"

तो खाली मान घालून उभा. कारण सांगेना, भांडेना, सफाई देईना. त्याचा तो गप्पपणा बघून माझ्या डोक्यात आणखी तिडीक गेली. मी त्याच्याशी बोलणं टाकलं. तो वाढायचा, मी ताट घेऊन प्रज्ञाच्या खोलीत जाऊन जेवायचे. पोरगी बिचारी दोघांमध्ये निरोप्याचं काम करून रडकुंडीला आली.

फोन

आईला हे सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण रविवारी तिनं फोनवर विचारलं, "कुठवर गेला हात?" आणि माझा बांध फुटला. सगळं सांगितलं. कसा बरा होत होता, कसा फोन गेला, कसं मला काही न विचारता कापलं. "तुझ्या लाडक्या जावईबुवांचा पराक्रम! त्याच्यामुळे तुला घर सोडावं लागलं, आई. मी त्याला आयुष्यात माफ करणार नाही."

पलीकडे टीव्हीचा आवाज. मग आई म्हणाली, "त्यांना काही बोलू नकोस."

"का नको बोलू?"

"मीच सांगितलं होतं त्यांना."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय सांगितलं होतंस?"

"की हिचं ऑपरेशन करवा. कसंही करा, पण करवा. आणि शब्द घेतला त्यांच्याकडून, की तुला कळता कामा नये."

माझ्या आईनं मिलिंदशी आजवर 'जेवलात का' आणि 'प्रज्ञा आली का' यापलीकडे बोलणं केलेलं नाही. तिनं त्याला एकट्याला बोलावून हे सांगितलं? मी ऑफिसात असताना?

"अगं पण का? हात बरा होत होता माझा!"

"तू म्हणायचीस बरा होतोय," आई म्हणाली. "मला उचलताना माझा कान कुठे असायचा, सांग बरं? तुझ्या खांद्याला टेकलेला. आत करकर वाजायचं, वैशाली. तू वरून म्हणणार, आई, आज कळसुद्धा आली नाही, आणि आतून करकर, करकर. रोज. दिवसातून किती वेळा. मी डोळे मिटून घ्यायचे."

मी तिच्या रिकाम्या पलंगाच्या कडेवर बसले.

"उचलू नको म्हटलं असतं तर ऐकलं असतंस? डॉक्टरांचं ऐकलंस? पोरीचं ऐकलंस? बरं वाटायला लागलं तशी आणखी उचलायला लागलीस. मला वर्ध्याला धाड म्हटलं असतं तर माझं आधीचं रडणं काढून दाखवलं असतंस. मग मी काय करायचं होतं? ऑपरेशन झालं की हात बांधून ठेवतात, एवढं मला ठाऊक होतं. बांधलेल्या हातानं तू मला उचलू शकली नसतीस. मला दुसरं काही सुचलं नाही गं."

माझ्या खांद्याचं काय करायचं ते डॉक्टरांना माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी कॉम्प्युटरला विचारलं. आणि इकडे अर्धं अंग गेलेल्या माझ्या आईनं पलंगावर पडल्या पडल्या ते ठरवून टाकलं, माझ्या खांद्याला कान लावून. ती चुकली की बरोबर होती? व्यायामानं तो हात खरंच जमला असता, की आतून झिजतच होता? मी डॉ. मेहकला नंतर विचारलं. तिनं खोटं सांगितलं नाही. म्हणाली, आता ते कुणालाच कळणार नाही.

"मला तुझा फार राग आलाय, आई," मी कशीबशी म्हटलं.

"येऊ दे. रागावून का होईना, हात शाबूत ठेव."

मी स्वयंपाकघरात गेले. फोन हातातच. मिलिंद कणीक मळत होता. मला बघून त्याला कळलं असावं, कारण तो मळायचा थांबला.

"बोलला का नाहीस?" मी विचारलं. "शिव्या खाल्ल्यास, अबोला सोसलास."

"इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं माझ्याकडे," तो म्हणाला. "मी नाही कसं म्हणणार होतो?"

तिथेच ओट्याला टेकून मी हमसून हमसून रडले. राग गेला असं म्हणणार नाही, अजूनही गेलेला नाही. माझ्या अंगाबद्दलचं मला विचारायला हवं होतं, दोघांनीही. हे वाचणाऱ्या आजाऱ्यांना मी एवढंच सांगेन, डॉक्टरांना शंभर प्रश्न विचारा, पण घरच्यांनाही विचारा. तुमच्या मागे, तुमच्या भल्यासाठी, तुमच्याच घरात काय ठरतंय ते विचारा.

फोन चालूच होता. आई तिकडून "हॅलो, हॅलो" करत होती.

"परत ये," मी म्हटलं.

"हात वर जात नाही म्हणालीस ना? मग उचलणार कोण मला?"

उजवा हात छातीशी धरून मी मिलिंदकडे बघितलं.

मग ती म्हणाली, "जावईबुवा आहेत का तिथे? दे त्यांच्याकडे."

मिलिंदनं कणकेचे हात तसेच मागे घेतले, म्हणून मी फोन त्याच्या कानाशी धरला. आई काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. तो ऐकत राहिला, मान हलवत राहिला, जशी काही ती समोर बसलीये. त्याचे डोळे भरून आले.

"हो आई," तो म्हणाला. आजवर तो तिला कधी आई म्हणाला नव्हता. "मी उचलेन. येत्या रविवारी मीच येतो घ्यायला."